जरा तिकडे बसता का?

संध्याकाळचं पुणे-नागपूर विमान. माणसं चढतायत. मधल्या वाटेत कुणी वरच्या कप्प्यात बॅग कोंबतंय, कुणी जॅकेट काढतंय, मागे पंधरा-वीस जण हातातला बोर्डिंग पास आणि रांगांचे आकडे आळीपाळीने बघत खोळंबलेत. पाठीवर सॅक घेतलेली एक तिशीतली बाई चौदाव्या रांगेपाशी थांबते. तिची सीट खिडकीची, १४-एफ. तिथे एक गृहस्थ बसलेत. नुसते टेकलेले नाहीत, चांगले बसलेत. बूट काढलेत, समोरच्या खिशात पाण्याची बाटली आणि चिवड्याची पुडी गेली आहे. शेजारी पत्नी, कडेला सासूबाई. "मॅडम, आम्ही तिघं एकत्र आहोत ना," गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणतात, "तुम्ही जरा तिकडे बसता का? एकवीस-बी." बी म्हणजे मधली सीट. मागून कुणीतरी "चला हो पुढे" म्हणतं. बाईकडे उत्तर द्यायला फार तर चार सेकंद आहेत.

एवढ्याशा प्रसंगावर सध्या जगभर तावातावाने वाद होतात. त्यात दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं, सीटचे पैसे मोजलेत, ती माझी, विषय संपला. दुसऱ्याचं म्हणणं, तासा-दीड तासाचा तर प्रवास, तेवढ्यासाठी काय हटून बसायचं, माणुसकी म्हणून काही आहे की नाही! दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि दोघंही मुद्द्याला वळसा घालून निघून जातात. जागा मागण्यात गैर काही नाही. प्रवासातली माणसं पूर्वापार एकमेकांकडे जागा मागत आली आहेत. पण मागणीला विनंती कधी म्हणायचं? समोरच्याला सुखाने नाही म्हणता येत असेल तेव्हा. वरच्या गृहस्थांचा स्वर मऊ आहे, त्यात 'मॅडम' आहे, 'जरा' आहे. तरी ती विनंती होत नाही, कारण ते आधी बसले आणि मग त्यांनी विचारलं. आयत्या बिळावर बसलेल्या नागोबाने बिळाच्या मालकाकडे अदबीने परवानगी मागावी, तसला हा प्रकार.

मराठी माणसाला हे प्रकरण नवं नाही. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेल्या रुमालाला एके काळी खरेदीखताइतकं वजन होतं. रुमाल उचलून बसणाऱ्याशी भांडण व्हायचं, पण दोन्ही बाजूंना कायदा ठाऊक असायचा. त्यातही वर पत्र्यावर आमदार, स्वातंत्र्यसैनिक, अपंग, महिला अशी रंगवलेली अक्षरं असायची, आणि वेळ आलीच तर कंडक्टर बोटाने ती दाखवायचा. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, "सरका जरा" म्हणतो आणि अर्ध्या मांडीवर ठाण्यापर्यंत जातो. लेडीज डब्यात चढल्या चढल्या "कुठे?" असं विचारलं जातं. बसलेली बाई "घाटकोपर" म्हणाली की घाटकोपरपुरती ती सीट तिची, पुढे विचारणारीची. तेवढ्यात तिसरी आली तर तिला सांगितलं जातं, "झाली ती." कागदावर कुठेही नसलेला हा करार लाखो बायका रोज पाळतात.

रेल्वेच्या लांबच्या प्रवासात तर बर्थची अदलाबदल हा कार्यक्रमाचाच भाग. रेल्वेने स्वतःच त्यातला मोठा वाटा उचललेला आहे. ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तरीही आजोबांना वरचा बर्थ लागतो आणि मग समोरच्या तरुणाला विचारणं आलं. इथे दोन गोष्टी विचारणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही सोयीच्या असतात. एक म्हणजे वेळ. गाडी सुटते, पाण्याच्या बाटल्या जागेवर जातात, "कुठपर्यंत?" होतं, डबे उघडतात, आणि झोपायची वेळ रात्री दहाची असल्यामुळे विषय सातला निघाला तरी चालतो. तरुणाला मनातल्या मनात हो-नाही करायला तीन तास मिळतात. दुसरी म्हणजे टीसी. तोही रिकाम्या बर्थची यादी घेऊन फिरत असतो. विमानात यातलं काही नाही. सगळ्यांनी चढून, बसून, पट्टे बांधायचे ते वीस-पंचवीस मिनिटांत, आणि कुणी कुणाचं नावही विचारलेलं नसतं.

भारतात स्वस्त विमानप्रवास आला तेव्हा एसटीचा कायदा काही काळ आकाशातही गेला होता. २००३मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. तिथे सीट नंबर नसायचा. आधी चढेल तो आधी बसेल. बसमधून उतरून शिडीकडे धावणारे प्रवासी बघून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. पण एक गोष्ट खरी, त्या विमानात कुणालाही "तुमची सीट मला द्या" म्हणायची सोय नव्हती. सीट कुणाची नव्हतीच.

मग ती कुणाची तरी झाली. कशी झाली, हे बघितल्याशिवाय शिष्टाचाराच्या गप्पांना अर्थ नाही.

पूर्वी तिकीट म्हणजे सगळं एकत्र: सीट, सामान, जेवण. नंतर विमान कंपन्यांनी ही मोट सोडली आणि एकेक वस्तू वेगळी विकायला काढली. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, परिपत्रक काढून पसंतीच्या सीटसाठी वेगळे पैसे घ्यायची मुभा दिली. अट एवढीच की प्रवाशाने स्वतःहून मागितलं तर. नोव्हेंबर २०१८मध्ये इंडिगोने वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटना पैसे पडतील, फुकट हवी असेल तर विमानतळावर या, असं जाहीर केलं तेव्हा एवढा गदारोळ झाला की हे नियमात बसतं का ते तपासतो, असं मंत्रालयाला सांगावं लागलं. आता सीट निवडायचं पान उघडलं की सिनेमाच्या थिएटरसारखा रंगीत नकाशा समोर येतो. पुढच्या रांगा महाग, आपत्कालीन दरवाजाजवळची रांग त्याहून महाग, खिडकी आणि कडेची सीट मधल्या सीटपेक्षा महाग. पाच जणांचं कुटुंब मुंबईहून गुवाहाटीला जाऊन परत येणार असेल तर या रंगांची बेरीज बघून वडील म्हणतात, "राहू दे, तिथे गेल्यावर बघू." 'तिथे गेल्यावर' म्हणजे विमानात. आणि 'बघू' म्हणजे कुणाला तरी उठवू.

पैसा केवढा आहे? अमेरिकी सिनेटच्या तपास उपसमितीने नोव्हेंबर २०२४मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार अमेरिकन, डेल्टा, युनायटेड, फ्रंटियर आणि स्पिरिट या पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत नुसत्या सीटच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर मिळवले. यात विमान एक इंचही मोठं झालेलं नाही. जी सीट आधीही तिथेच होती, तिला आता भाव आहे, इतकंच.

आणि भाव टिकायचा तर न भरणाऱ्याला थोडा त्रास व्हायला हवा. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने २०१८मध्ये प्रवाशांची पाहणी केली. सीटचे पैसे न भरता एकत्र तिकीट काढलेल्या गटांपैकी किती जण वेगवेगळे बसवले गेले, हे तपासलं. रायनएअरच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के निघालं, सर्वांत जास्त. एकाच पीएनआरवरच्या नवरा-बायकोला संगणकाने चौथ्या आणि सत्ताविसाव्या रांगेत का बसवावं, याला तांत्रिक कारण शोधूनही सापडत नाही. व्यापारी कारण शोधावंच लागत नाही. पण त्यातून विमानात जो ताण तयार होतो तो निस्तरतं कोण? १४-एफवरची बाई. कंपनीने भांडण तयार केलं, त्याचे पैसे घेतले आणि मिटवायचं काम दोन अनोळखी माणसांवर सोपवून दरवाजा लावून घेतला. चौदाव्या रांगेतल्या गृहस्थांना उद्धट म्हणणं सोपं आहे, पण या व्यवहारातले सर्वांत हुशार तेही नाहीत.

लहान मुलांची गोष्ट तर शिष्टाचाराच्या कक्षेत येताच कामा नये. सहा वर्षांचं पोर आईपासून दहा रांगा दूर असेल आणि विमान घाईने रिकामं करायची वेळ आली, तर आई दरवाजाकडे जाणार नाही, लोकांच्या लोंढ्याच्या उलट जाऊन पोराला शोधणार. म्हणून ब्रिटनच्या प्राधिकरणाची सूचना आहे की मूल शक्यतो सोबतच्या मोठ्या माणसाच्याच रांगेत असावं, फार तर एक रांग इकडे-तिकडे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने जुलै २०२२मध्ये कंपन्यांना सांगितलं, १३ वर्षांपर्यंतच्या मुलाला पालकाशेजारी जादा पैसे न घेता बसवा. फेब्रुवारी २०२३मध्ये तर राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी देशाला उद्देशून केलेल्या वार्षिक भाषणात हा विषय काढला. मुलं म्हणजे सामानाचा डाग नव्हे, असा त्यांचा रोख होता. भारतात एप्रिल २०२४मध्ये डीजीसीएने आदेश दिला की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी सीट दिलीच पाहिजे, आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. हा आदेश पाळला गेला तर "माझं बाळ तिकडे एकटं आहे हो" हे वाक्य विमानात कुणाला म्हणावं लागणार नाही. कुणी म्हणालंच, तर ते शेजाऱ्याला उद्देशून नसावं, कंपनीच्या माणसाला उद्देशून असावं.

एवढं सगळं वजा केल्यावरही मागण्या उरतात. विमान रद्द झाल्यामुळे दुसऱ्या विमानात जिथे मिळेल तिथे कोंबले गेलेले लोक, ऐनवेळी विमान बदललं म्हणून भरलेल्या सीटचा नंबरच गायब झालेले, डोळ्याच्या ऑपरेशनहून परतणारे वडील आणि तीन रांगा मागे त्यांचा मुलगा. यांनी विचारू नये असं कोण म्हणेल? प्रश्न कसं विचारायचं याचा आहे, आणि त्याबाबत एक जुना प्रयोग भलताच बोलका आहे.

१९७२च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एकच: बसलेल्या माणसासमोर उभं राहून म्हणायचं, "माफ करा, मला तुमची जागा मिळेल का?" कारण द्यायचं नाही. न्यूयॉर्ककर फाडून खातील अशी सगळ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात ६८ टक्के लोकांनी जागा दिली, म्हणजे बरेचसे उठले आणि काही सरकले. मिलग्रम स्वतः प्रयोग करायला गेले तेव्हा शब्द त्यांच्या घशातच अडकले. शेवटी जागा मिळाल्यावर त्यांना इतकं शरमल्यासारखं झालं की आपण खरोखरच आजारी आहोत असं दाखवण्यासाठी मान खाली घालून बसावंसं वाटलं. जगाला आज्ञाधारकतेच्या प्रयोगांनी हादरवून सोडणारा माणूस एका सीटपुढे हतबल झाला.

या प्रयोगातले पुढचे आकडे मात्र कमी सांगितले जातात. "मला उभं राहून पुस्तक वाचता येत नाही" असं फुटकळ कारण दिलं, तेव्हा जागा देणाऱ्यांचं प्रमाण घसरून ४२ टक्क्यांवर आलं. आणि दोन विद्यार्थ्यांनी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात "मी कुणाला तरी जागा मागू का?" अशी आधी चर्चा केली, मग मागितली, तेव्हा ते साधारण ३७ टक्के झालं. म्हणजे माणूस चांगुलपणाने उठत होता असं नाही. त्याला नाही म्हणायला शब्द सापडत नव्हते. थोडा वेळ मिळाला, समोरच्याचं कारण तोलता आलं, की जवळजवळ निम्म्यांचा चांगुलपणा आटला. ६८ आणि ३७ या दोन आकड्यांमधली माणसं ही मनातून नको म्हणणारी आणि तरी उठलेली माणसं. मराठीत यांना भिडस्त म्हणतात. भीड भिकेची बहीण, ही म्हणही मराठीच.

कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा बोन्स यांनी २००८मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायला किती जणांना विचारावं लागेल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. अंदाज आला वीस. लागले दहाच्या आसपास. समोरचा किती सहज हो म्हणेल हे मागणाऱ्याला कळत नाही, कारण नाही म्हणणं त्याला किती जड जातं याची मागणाऱ्याला कल्पना नसते. हे एकदा लक्षात घेतलं की चौदाव्या रांगेतल्या गृहस्थांचा ठरलेला बचाव लंगडा पडतो. "मी नुसतं विचारलं, त्यांना नको होतं तर नाही म्हणायचं!" ते खोटं बोलत नाहीत. पण मागे पंधरा माणसं खोळंबलेली, सीटवर माणूस बसलेला, त्याच्या सासूबाई टक लावून बघतायत, अशा वेळी नुसतं विचारणं ही चीज शिल्लकच नसते.

हाच दाब गणवेशातल्या माणसाने आणला तर काय होतं, याचं उदाहरण इस्रायलमध्ये कोर्टापर्यंत गेलं. डिसेंबर २०१५मध्ये रेने रॅबिनोविट्झ या निवृत्त वकील बाई न्यूअर्कहून तेल अवीवला एल अल कंपनीच्या विमानाने निघाल्या होत्या. वय ८१. लहानपणी नाझींच्या ताब्यातल्या बेल्जियममधून आईवडिलांबरोबर निसटून आलेल्या. बिझनेस क्लासमध्ये त्यांच्या शेजारची जागा एका कर्मठ ज्यू गृहस्थाची होती आणि परस्त्रीशेजारी बसणं त्याच्या धर्माचारात बसत नव्हतं. विमानातला कर्मचारी बाईंकडे आला आणि तुम्हाला पुढे आणखी चांगली सीट देतो, असं म्हणाला. बाई काठी घेऊन उठल्या, सीट बघून आल्या. ती काही विशेष चांगली नव्हती. मग खरं कारण कळलं. शेवटी त्या हलल्या, पण हललो ते मनाविरुद्ध, हे त्यांना विसरता येईना. इस्रायल रिलिजियस ॲक्शन सेंटर या संस्थेच्या मदतीने त्यांनी दावा लावला. कंपनीचा युक्तिवाद अपेक्षित होता: आम्ही सक्ती केली नाही, विचारलं फक्त. जून २०१७मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने निकाल दिला की शेजारच्याला स्त्री किंवा पुरुष नको म्हणून प्रवाशाला सीट बदलायला सांगणं हा भेदभाव आहे, आणि कर्मचाऱ्यांनी तसं विचारायचंही नाही. भरपाई ६,५०० शेकेल. रक्कम किरकोळ. निकालात मोलाचं आहे ते 'विचारायचंही नाही' हे. काही प्रश्न असे असतात की कर्मचाऱ्याने तोंडातून काढले की त्यांचा हुकूम होतो.

हल्ली गणवेशाचं काम मोबाइलही करतो. डिसेंबर २०२४मध्ये ब्राझीलमधल्या एका तरुणीचा व्हिडिओ जगभर फिरला. तिने खिडकीची सीट एका रडणाऱ्या लहान मुलाला द्यायला नकार दिला होता. दुसऱ्याच एका प्रवाशाने मोबाइल काढून तिचं चित्रण केलं आणि तिला लाजवलं. ती डोळे मिटून गप्प बसून राहिली. उलटलं ते चित्रण करणाऱ्यावर. लाखो लोक त्या मुलीच्या बाजूने उभे राहिले. तिचं नशीब म्हणायचं, कारण लोक उलट बाजूलाही तितक्याच सहज गेले असते. नाही म्हटल्याबद्दल अख्ख्या जगासमोर हजेरी लागणार असेल, तर पुढच्या वेळी हो म्हणणाऱ्याचं कौतुक कशाला करायचं?

या सगळ्यात एक गोष्ट नेहमी नजरेआड राहते. उठायला सांगितलं जातं ते कुणाला? बहुतेक वेळा एकट्या माणसाला. कुटुंबाच्या सोयीसाठी दुसरं कुटुंब कुणी हलवत नाही. एकटा माणूस हलवायला सोपा. त्यातही एकटी बाई. तिच्याकडे 'आमचे हे तिकडे बसलेत' हे कारण नसतं. तिने खिडकी का घेतली हे सांगायला ती बांधील नाही, पण कारणं असतात. एका बाजूला भिंत असली की एकाच शेजाऱ्याच्या कोपरांकडे लक्ष ठेवावं लागतं, हे त्यातलं एक. एअर इंडियाने जानेवारी २०१७मध्ये देशांतर्गत विमानांत एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी तिसऱ्या रांगेतल्या सहा सीट राखून ठेवायला सुरुवात केली, आणि इंडिगोने मे २०२४मध्ये वेब चेक-इन करताना शेजारची सीट बाईने घेतली आहे का हे स्त्रियांना दिसेल अशी सोय आणली, ती उगाच नव्हे. अशा बाईला दोन अनोळखी पुरुषांमधल्या २१-बीमध्ये धाडताना गृहस्थांना आपण काय मागतोय याचा पत्ताच नसतो. तसंच कडेच्या सीटवरच्या काकांचं. त्यांना मधुमेहामुळे तासातून दोनदा उठावं लागतं, आणि ही माहिती पाच माणसांसमोर जाहीर करून मगच आपला नकार पास व्हावा, अशी अपेक्षा धरणं ही अदबीची गोष्ट नव्हे.

माणूस हातातल्या वस्तूला जास्त किंमत लावतो, हेही खरं. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. ज्यांच्याकडे मग होता ते तो सुमारे सात डॉलरना विकायला तयार होते. ज्यांच्याकडे नव्हता ते तीन डॉलरही द्यायला तयार नव्हते. मग तोच. सीटचंही तसंच होतं, आणि पैसे भरून घेतलेल्या सीटचं जास्तच. ज्याला ती हवी आहे त्याला वाटतं, काय मोठं मागितलं! ज्याची आहे त्याला वाटतं, काय वाट्टेल ते मागतात! दोघंही प्रामाणिक असतात. म्हणूनच खिडकीच्या बदल्यात मधली सीट पुढे करणं चालत नाही. कडेच्या बदल्यात कडेची, शक्यतो पुढची, हीच अदलाबदल. बाकी सगळं दान, आणि दान मागताना झोळी पसरावी लागते, आधी दात्याच्या घरात जाऊन बसता येत नाही.

जागा बदलणं दोघांच्या संमतीनेही नेहमी चालत नाही, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तान्ह्या बाळाला मांडीवर घेतलेल्या प्रवाशाला वाटेल तिथे बसता येत नाही. विमानात ऑक्सिजनचे मास्क सीटांपेक्षा किमान १० टक्के जास्त असावे लागतात, आणि हे जादा मास्क असतात तिथेच बाळ बसवता येतं. तीन सीटांच्या गटात चार मास्क असतील तर दोन बाळं तिथे नकोत. आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत गरज पडल्यास तो उघडू शकेल असाच माणूस लागतो. गर्भवती बाई किंवा शाळकरी मूल तिथे बसवत नाहीत, मग आधीच्या माणसाने कितीही आनंदाने जागा दिलेली असो. कोल्हापूरला येणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानात प्रवासी कुठे किती, यावर तोल सांभाळावा लागतो. रिकाम्या दिसणाऱ्या मागच्या रांगांत पसरून बसलेल्यांना उड्डाणाआधी आपल्या नंबरवर परत पाठवतात ते त्यासाठी. आणि जैन जेवण सीट नंबरवर येतं, माणसावर नाही. मुंबईहून लंडनला निघालेल्या एखाद्या शहाकाकांनी उदारपणे जागा बदलली की नऊ तासांच्या प्रवासात त्यांचं ताट सहा रांगा मागे भलत्याच माणसापुढे जाऊन थांबतं.

तेव्हा विचारायची खरी जागा विमान नव्हेच. चेक-इनचं काउंटर, नाहीतर गेटवरचं टेबल. तिथे समोर अख्खा नकाशा असतो, रिकाम्या सीट दिसतात, आणि नाही म्हणायचं तर ते कंपनीचा माणूस म्हणतो. मुलीच्या बाळंतपणाला न्यूअर्कला निघालेल्या सातारच्या आजींच्या हातात हल्ली एक चिठ्ठी असते. इंग्रजी येत नाही, गुडघ्याचा त्रास आहे, व्हीलचेअर सांगितली आहे, असं जावयाने लिहून दिलेलं. ती चिठ्ठी गेटवर दाखवली तर बरेचदा कडेची सीट मिळून जाते. तीच विमानात शेजाऱ्याच्या हातात दिली तर तो बिचारा आधी वाचतो, मग आजींकडे बघतो, आणि त्याच्या हातात काही उरत नाही.

काउंटरवर जमलं नाही तर विमानात विचारावं, पण आपल्या नंबरवर बसून, गर्दी ओसरल्यावर, आवाज खाली ठेवून. काय देतोय ते आधी सांगावं, काय हवंय ते नंतर. मधल्या वाटेतून पलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असं दुखणं वाचू नये. आणि "नको" आलं की "बरं" म्हणावं. "काही हरकत नाही" हेही नको, कारण हरकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. ज्याला विचारलं त्याने कारणांची पोतडी उघडायची गरज नाही. मराठीत सरळ नाही म्हणायला शब्द कमी पडतात असं नाही, सवय कमी पडते. "बघतो", "तसं चाललं असतं पण", "माझं जरा असं आहे की" या वाटांनी माणूस फिरत राहतो आणि फिरता फिरता २१-बीमध्ये जाऊन बसतो. "नाही, मी इथेच बसेन" या चार शब्दांत कुणाचाही अपमान नाही.

या साऱ्या भांडणापासून जगातली एक मोठी कंपनी जवळजवळ पंचावन्न वर्षं दूर राहिली. टेक्सासमध्ये १९७१ साली उड्डाणं सुरू केलेल्या साउथवेस्टने सीट नंबर दिलाच नाही. ए, बी, सी असे गट आणि त्यात रांगेचा नंबर. पाळी आली की आत जायचं आणि रिकामं दिसेल तिथे बसायचं. तिथे भांडण व्हायचं ते वेगळंच. आधी चढलेल्या बाई शेजारच्या सीटवर पर्स ठेवायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "इथे आमचे हे येतायत." पर्सला मान द्यायचा की नाही, याबद्दल कंपनीने शेवटपर्यंत नियम केला नाही. एसटीत रुमाल टाकलेल्या कुणालाही ते विमान परकं वाटलं नसतं. २७ जानेवारी २०२६पासून तिथेही सीटवर नंबर आले, आणि पाय पसरता येणाऱ्या रांगांना वेगळा भाव. टेक्सासच्या बायकांनी पर्स उचलून मांडीवर घेतल्या असतील, आणि चौदाव्या रांगेत कुणीतरी बूट काढून, बाटली समोरच्या खिशात खोचून, सॅकवाल्या मुलीकडे बघत तिथल्या इंग्रजीत तेच वाक्य पहिल्यांदा जुळवत असेल.